पुढच्या वर्षाचं मागणं

दादर,
१२ जुलै २०२५

ती. आत्या,

नमस्कार घेऊन टाक, कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

तक्रार तुझ्या लाडक्या भाच्याची. तो माझा सख्खा भाऊ असला तरी या पत्रापुरता तुझाच. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुझ्यासाठी बसून वाक्यं करावी लागतात. बाकीच्या नातेवाइकांना मी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि मोकळी होते.

तर रघू प्रसिद्ध झाला आहे. तू त्याला लहानपणी गणपतीसमोर उभा करून गाऱ्हाणं घालायला शिकवलंस ना, तेच तो आता मोबाइलसमोर उभा राहून घालतो. एकाने सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आपल्या गावची ही रीत त्याने लालबागच्या चाळीतून इन्स्टाग्रामवर नेली. खड्ड्यांचं गाऱ्हाणं, ऑफिसातल्या लिफ्टचं गाऱ्हाणं, साहेबाच्या टकलाचं गाऱ्हाणं. अकरा हजार माणसं बघतात म्हणे. आमची अपेक्षा कॉलेजात 'तो माझा मामा' म्हणून मिरवते. खाली शेकड्याने लोक 'व्हय म्हाराजा' लिहितात आणि हसून लोळणारी तोंडं टाकतात.

इथवर कौतुक. आता तक्रार. गेल्या महिन्यात हे रघूसाहेब आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून निघून गेले. जाताना लिहिलं, 'सगळ्यांनी सांभाळून घेतलंत, आभारी आहे.' सेवानिवृत्ती असल्यासारखं! मग स्वतःचा फोटो काढून टाकला. आता त्याच्या नावापुढे नुसता राखाडी गोल दिसतो. आणि परवा एका बैठकीत त्याने माझे सगळे जुने फोटो 'लाइक' केले. सगळे म्हणजे आठ वर्षांचे. आईचे, तुझे, अपेक्षाच्या पडलेल्या दाताचा. मी छापखान्यात प्रूफं वाचत होते आणि पर्समध्ये फोन टिंग टिंग टिंग. शेजारचे म्हणाले, बाई, कुणी मंत्री केलं का तुम्हाला?

माझं म्हणणं, तो रुसला आहे. आईच्या वर्षश्राद्धाला मी त्याला चारचौघांत बोलले होते, की चौतीस झाली, आता लग्न कर नाहीतर गुरवाच्या हाताखाली देवळात राहा. तेव्हा हसला होता. पण आमच्या घरात राग पचायला तीन महिने लागतात, तुला माहीत आहे. तूच दोन ओळी लिहून त्याचे कान उपट. माझं ऐकायचा नाही.

तुझ्या जावयाचा, राजेशचा नमस्कार. अपेक्षाला बारावीचं वर्ष आहे, तिला नमस्कार करायला वेळ नाही.

तुझी,
वैशाली


कुडाळजवळून,
२० जुलै २०२५

चि. वैशालीस आशीर्वाद.

तक्रार पोचली. पोस्टाची दीपिका अंगणात उभी राहून विचारते, 'काय लिहिलंय, हसतंस कशाला?' म्हटलं, माझा भाचा नटसम्राट झाला.

बाई गं, तू छपाईतल्या चुका शोधतेस म्हणून माणसातही चुकाच शोधतेस काय? पोरगा फोटो काढून टाकतो, घरच्यांच्या घोळक्यातून बाजूला होतो, जुनी चित्रं बघत बसतो. अगं, कुठलीतरी मुलगी असणार! मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. असा गप्प झालेला मुलगा बाकाखाली चिठ्ठी लपवूनच बसलेला असायचा. तू त्याला देवळात पाठवत होतीस, तो मांडव बघत असेल. गणपतीला येईल तेव्हा मी काढून घेते त्याच्याकडून.

येणार आहे ना? २७ ऑगस्टला चतुर्थी. गेली दोन वर्षं माझ्या घरच्या गणपतीपुढचं गाऱ्हाणं तोच घालतो. मला काही ऐकू येत नाही, पण त्याच्या ओठांवरून सगळं कळतं, कारण शब्द मीच शिकवलेत.

एक काम कर. त्याची ही नवी गाऱ्हाणी मला लिहून पाठव. दीपिकाने तिच्या फोनवर दाखवली, पण तोंड एवढंसं दिसतं आणि त्यावरून रंगीत अक्षरं पळतात. जसं बोललाय तसंच लिही, तुझी सुधारणा नको. म्हातारीलाही जरा हसू दे.

जेवतो ना नीट? एवढं विचारायला लालबागपर्यंत जायला तुला काय लागतं? दादर आणि लालबाग यांच्यामध्ये काही खाडी नाही.

राधाआत्या


दादर,
३१ जुलै २०२५

ती. आत्या,

खाडी नाही, पण गणपती मंडळांच्या स्मरणिका आहेत. गिरगावातला आमचा छापखाना या महिन्यात कसा असतो ते तू पाहिलेलं नाहीस. शंभर मंडळं, शंभर अध्यक्ष, प्रत्येकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा मोठा हवा. सहा आठवडे लालबागला गेले नाही, कबूल. फोन करते. 'मजेत' म्हणतो.

आणि खरंच मजेत दिसतो. रविवारी स्वतःच आला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मे महिन्यात किती खंगल्यासारखा दिसत होता, आठवतं ना? ते सगळं गेलं. एकदम शांत. आईचा पितळी पानाचा डबा घेऊन आला, म्हणाला, 'ताई, हा तुझ्याकडे शोभेल.' मी किती वर्षं मागत होते! ढोलकी त्याने चाळीतल्या अभयला देऊन टाकली. खोली आवरतोय म्हणे. तुझा मांडवाचा अंदाज मी राजेशला सांगितला, तो म्हणाला, खोली आवरतोय म्हणजे आत्याचं बरोबर.

पण एक वाईट बातमी. गणपतीला तो येत नाही. तिकीट रद्द केलं. आत्या, कन्फर्म तिकीट! गाडी सुटायच्या दोन महिने आधी सकाळी आठ वाजता बोटं मोडेपर्यंत कळा दाबून मिळवलेलं. कोकणी माणूस एक वेळ मूत्रपिंड देईल, गणपतीचं कन्फर्म तिकीट देणार नाही. मी ओरडलेच. तर म्हणाला ऑफिसात काम आहे. आता बोल.

ही घे तुझी गाऱ्हाणी. दोनच लिहिते, हात दुखतो. पहिलं मार्च महिन्यातलं, लिफ्टचं:

'बा देवा म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) आज आमी सगळी लेकरां ऑफिसातल्या लिफ्टीच्या तोंडाकडे गोळा झालेली आसौ. (व्हय म्हाराजा!) चार दिस झाले, लिफ्ट बंद आसा. बाविसाव्या माळ्यावरचो सायेब खाली उतराक नाय, तेका थंयच सुखात ऱ्हवांदे. (व्हय म्हाराजा!) जो कोण लिफ्टीचा वायट चिंतीत असात, तेका जिन्यान चढव. (व्हय म्हाराजा!) आमचा काय चुकला-माकला असात तां पदरात घे, आणि वर्साच्या वर्साक ह्याच लिफ्टीसमोर आमची अशीच सेवा करून घे रे म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)'

आणि हे ताजं, परवा नागपंचमीला टाकलेलं:

'बा देवा म्हाराजा! ह्यां लेकरू आज तुझ्यासमोर एकटांच उभां आसा. माझ्या ताईच्या घराक सुखी ठेव. तिच्या चेडवाक बारावीक बरे मार्क पडांदेत. चाळीच्या नळाक पाणी पाचाक येता, तां साताक येवंदे, लोकांका झोप मिळांदे. पयल्या माळ्यावरच्या तात्याचा घोरणा थांबांदे. गावाक माझ्या आत्येचे डोळे शाबूत ऱ्हवांदेत, कान गेले ते गेले. अभयच्या हातात ढोलकी दिलंय, ती वाजती ऱ्हवांदे. ज्येंका ज्येंका माझो त्रास झालो, तेंणी माका पदरात घेवा. आता माझ्याकडसून कोणाक त्रास होवचो नाय. माझां बोलणां हयच पुरां झालां म्हाराजा!'

तात्याच्या घोरण्यावर चाळ हसून फुटली. 'कान गेले ते गेले' यावर अपेक्षा दहा मिनिटं हसत होती, तू रागावू नकोस. खाली काल रात्रीपर्यंत चारशे बारा 'व्हय म्हाराजा' होते. त्यातला एक माझा. स्मरणिकेची प्रूफं वाचता वाचता टाकला.

अक्षरन् अक्षर त्याचं आहे, मी काना-मात्रेला हात लावलेला नाही.

तुझी,
वैशाली


कुडाळजवळून,
५ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

चि. वैशाली,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहिते. हात स्वस्थ बसत नाहीत.

दीपिकाने पत्र सकाळी साडेदहाला दिलं. पडवीतच वाचलं. लिफ्टचं वाचून हसले. दुसरं वाचलं, आणि परत वरून वाचलं. मग तिच्या स्कूटरवर मागे बसून वर सड्यावर गेले, तिथे रेंज येते. पंचाहत्तराव्या वर्षी स्कूटरवर! तुझ्याशी जे ओरडले ते तू ऐकलंस. तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही. दीपिका म्हणाली, 'निघाली ती.' तेव्हापासून दुपार झाली, संध्याकाळ झाली. चारला तिने परत येऊन पाटीवर लिहून दाखवलं, 'भाऊ ठीक आहे, ताई सोबत आहे.' मग मी चूल पेटवली.

तू फोनवर विचारत असशील, आत्या, झालं काय? ते आता सांगते.

गाऱ्हाणं पुढच्या वर्षाशिवाय संपत नाही. ती शेवटची ओळ मी त्याच्याकडून घोटून घेतली होती. सहा वर्षांचा होता, ओळ विसरला आणि प्रसादाकडे धावला, तर मी त्याचा शर्ट धरून मागे ओढला होता. म्हटलं, पुढच्या वर्षाचं मागितल्याशिवाय हलायचं नाही. कोणी मेलं असलं घरात, तरी मागतात. पाऊस नाही झाला, तरी मागतात. लिफ्टच्या थट्टेतही तो विसरला नाही. आणि नागपंचमीच्या गाऱ्हाण्यात ती ओळ नाही. विसरला असता तर मधेच थांबला असता. याने 'बोलणां पुरां झालां' म्हणून नीट दार लावून घेतलंय.

दुसरं. गाऱ्हाणं घालणारा सगळ्यांत स्वतःला धरतो, 'आमका' म्हणतो. याने तुला मागितलं, मला मागितलं, तात्याला मागितलं. स्वतःला काही नाही. आणि माफी देवाकडे मागायची असते. ती याने माणसांकडे मागितली.

तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुम्ही ऐकलंत. तो बोलतो तेव्हा भुवया उडवतो, हात जोडून वाकतो, मी पाहिलंय. हसू येणारच. मला नुसता कागद मिळाला.

पण मी तरी काय शहाणी? पंधरा दिवसांपूर्वी त्याला मांडव बघत बसवला. वैशाली, माझ्याबरोबर गुणाजी गुरुजी होते शाळेत. मे महिन्याच्या सुट्टीआधी त्यांनी सगळी पुस्तकं मुलांना वाटली, सगळ्यांच्या घरी जाऊन चहा घेतला. आम्ही म्हणालो, गुरुजी आता किती शांत झालेत. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा ते नव्हते. चाळीस वर्षं मी स्वतःला विचारत आले की विचारलं का नाही? शांत झाला, सामान वाटलं, असं तू लिहिलंस तेव्हा मला तेच गुरुजी दिसले.

त्याला सरळ विचार. गोल गोल नको. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते येत नाही, आलेलं असलं तर बाहेर पडतं. आणि एकटा ठेवू नकोस. आणि मला लिही. खरं लिही.

राधाआत्या


दादर,
१७ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

खरं लिहायचं म्हणून बारा दिवस लागले.

मंगळवारी साडेअकराला छापखान्यात अनोळखी नंबर आला. 'वैशाली, बोलू नको, मला ऐकू येत नाही. आत्ताच्या आत्ता लालबागला जा. रघूला एकटा ठेवू नको. जाते म्हण, ही पोरगी मला सांगेल.' एवढ्या मोठ्याने, की टेबलापलीकडच्या माणसानेही प्रूफ खाली ठेवलं. मी 'जाते' म्हटलं. खरं सांगते, आधी चिडले होते. वाटलं, आत्याचं वय झालं. टॅक्सीत बसून ते गाऱ्हाणं पुन्हा लावलं. या वेळी आवाज बंद करून.

भायखळ्याला मी ड्रायव्हरला म्हटलं, लवकर चला.

दार त्याने उघडलं. तो घरी कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. खोली नको इतकी साफ होती. भिंतीवर आईचा फोटो नव्हता, नुसता खिळा. फोटो कागदात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता, त्यावर माझं नाव. तो हसला, म्हणाला, 'ताई, आज सुट्टी?' मी म्हटलं, चहा टाक. बघ, सरळ विचार म्हणून तू लिहिणार होतीस, आणि मी चहा मागत होते. साखर संपली होती. बिनसाखरेचा चहा आम्ही दोघं प्यालो, आणि मी तात्याच्या घोरण्यावर बोलत राहिले. पंधरा मिनिटं! माझी जीभ वळेना गं.

मग त्या खिळ्याकडे बघून म्हटलं, 'रघू, तुझ्या गाऱ्हाण्यात पुढचं वर्ष नाही.'

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, 'कोणी सांगितलं?'

'आत्याने.'

'तिला ऐकू येत नाही.'

'मी लिहून पाठवलं. तिने वाचलं.'

तेव्हा तो खाली बसला. मी विचारलं. शब्द जसे तोंडून निघाले तसे: 'जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?' तो म्हणाला, 'आहे.' वेळ विचारल्यावर सांगावी तसा. मग म्हणाला, 'चतुर्थीच्या आत.'

आत्या, त्यापुढचं त्याचं वाक्य मी रोज ऐकते, मशीन चालू असलं तरी. तो म्हणाला, 'मी सांगितलं होतं ताई. सगळ्यांसमोर सांगितलं. चारशे बारा माणसं व्हय म्हणाली. तू पण.'

मी लोकांच्या लग्नपत्रिकेतली वेलांटी पकडते. माझ्या भावाचं हे मी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलं, अक्षरन् अक्षर, आणि 'हात दुखतो' म्हणाले. माझी मला लाज वाटली, आणि अजून वाटते. तिथे मी रडले नाही. त्याला धरून बसले. रडला तोच, पोट धरून, आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता.

नोकरी एप्रिलमध्येच गेली होती. रोज डबा घेऊन निघायचा आणि वरळीला समुद्रासमोर बसून परत यायचा. पण नोकरीमुळेच असं तो म्हणत नाही. म्हणतो, आई जायच्या आधीपासून आत काहीतरी विझत चाललं होतं, नोकरी गेल्यावर ते झाकायला काही उरलं नाही. मे महिन्यात खंगला होता तेव्हा अजून झगडत होता. जुलैत शांत दिसला, कारण ठरवून झालं होतं. आणि मी तुला लिहिलं, मजेत आहे!

त्याच्यासमोरच अपेक्षाला फोन केला. तिने सरकारी हेल्पलाइनचा नंबर सांगितला, चौदा चारशे सोळा. तिच्या कॉलेजात तक्ता लावलाय म्हणे. तिकडची बाई मराठीत अर्धा तास त्याच्याशी बोलली. मग माझ्याशी बोलली, आज रात्री काय करायचं, खोलीतलं काय हलवायचं, उद्या कुठे जायचं. राजेश येऊन दोघांना घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी परळच्या इस्पितळात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. दोन तास रांग. रांगेत आमच्या छापखान्याचा एक जुना गिऱ्हाईक भेटला, मंडळाचा अध्यक्ष, मुलीला घेऊन आलेला. दोघांनीही मान हलवली, फोटोच्या आकारावर काही बोलणं झालं नाही.

गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, असर दिसायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर सोबत सोडू नका आणि आठवड्याला आणा. म्हणून चतुर्थीला तो गावी येणार नाही, आम्हीही नाही. तुझ्या घरी गाऱ्हाणं कोण घालणार, हा विचार करून मला रडू आलं, या बारा दिवसांत पहिल्यांदा. इतक्या सगळ्यात नेमकं यावरच.

आईचा फोटो आमच्या भिंतीवर लावलाय. पानाचा डबा त्याला परत दिला. त्याने घेतला, एवढंच.

वैशाली


दादर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्येस,

रघूचा नमस्कार. अक्षर वाकडं आहे, कागदावर लिहायची सवय गेली. ताई म्हणाली, आत्याला पत्र लिही. मी म्हटलं, काय लिहू? ती म्हणाली, काना-मात्रा मी बघते. मी हे तिला दाखवणार नाही.

दीपिकाने चतुर्थीचा व्हिडिओ ताईला पाठवला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं म्हणून वाडीत कोणी तोंड वाकडं केलं का गं? तू इतक्या जोरात घातलंस की फोनचा आवाज कमी करावा लागला. लोक व्हय म्हाराजा म्हणून दमले तरी तू थांबत नव्हतीस, तुला ऐकूच येत नव्हतं ना. आणि माझं नाव घेऊन पुढचं वर्ष तीनदा मागितलंस. मी हसलो. अपेक्षा म्हणते, मामा, तू हसलास, बारा वाजून वीस मिनिटांनी. ती हल्ली अशा नोंदी ठेवते. मी जरा आत खोलीत गेलो की हिचं 'मामा, काय करतोस?' सुरू. कटकट आहे, पण बरं वाटतं.

लोकांवर माझा राग नाही, हे तुला लिहायचं होतं. ताईला तसं बोललो ते रागाने नव्हतं, पण ते तिला फार लागलंय. मीच त्यांना वर्षभर हसायची सवय लावली होती. सरळ बोलायची मला हिंमत नव्हती, म्हणून गाऱ्हाण्यात घातलं. कोणी पकडलं तर पकडलं, नाही पकडलं तर आपलं ठरलेलं आहेच, असा हिशोब. कोणी पकडलं नाही, एक मुलगी सोडून. रे रोडची कोणी, ओळख नाही. तिने हसरं तोंड टाकलं नव्हतं. लिहिलं होतं, 'दादा, बरा आहेस ना?' मी उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री तेवढं एकच पुन्हा पुन्हा वाचलं होतं. परवा तिला उत्तर पाठवलं. 'नव्हतो. आता बघू.'

आत्या, तुला खोटं लिहीत नाही. बरा झालो असं नाही. काही सकाळी उठल्यावर ते सगळं उशाशीच बसलेलं असतं. डॉक्टरांना सांगतो, ताईला सांगतो, मग थोडं लांब सरकतं. काल ताई म्हणाली, एक गाऱ्हाणं घाल, आमच्यापुरतं, फोन नको. उभा राहिलो. सगळं म्हटलं. शेवटच्या ओळीला जीभ अडली. पुढचं वर्ष मला दिसतच नाही गं, केवढं लांब आहे ते. सहा वर्षांचा असताना तू शर्ट धरला होतास, आता इतक्या लांबून कसा धरणार?

मग मी दिवाळीपर्यंतचं मागितलं. 'दिवाळीपर्यंत अशीच सेवा करून घे.' व्हय कोणी म्हणालं नाही. राजेशभावोजी पंख्याकडे बघत होते. असं अर्धवट मागितलेलं चालतं का? रीत तुला माहीत, म्हणून विचारतो.

रघू


(पोस्टकार्ड)

कुडाळजवळून,
२० सप्टेंबर २०२५

चि. रघुवीर,

चालतं. मीच रीत शिकवली, मीच सांगते की चालतं. दिवाळीपर्यंतचं मागितलंस ना, दिवाळीला पुन्हा माग. तेव्हा शिमग्यापर्यंतचं दिसलं तर तेवढं. एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंतचंच दिसलं तर तेवढंच माग, पण ताईला उठवून माग. वाडीत तोंडं वाकडी झाली होती, माझी मुळातच वाकडी नजर बघून सरळ झाली. डॉक्टरांनी सोडलं की ये, भाजणी दळून ठेवते. तोवर दर आठवड्याला एक गाऱ्हाणं मला कागदावर पाठव, हसवायची सक्ती नाही. मी आधी दोनदा वाचेन, मगच व्हय म्हणेन.

तुझी आत्या